चौदावा तुकडा

माळ विकायचं ठरल्यावर वली कागद्यानं पहिली गोष्ट काय केली, तर लोहाराकडून नवी पहार घडवून आणली. शहाणा माणूस आधी गिऱ्हाईक बघतो, दलाल गाठतो, चावडीवर जाऊन उतारा काढतो. वली पहार खांद्यावर टाकून माळावर गेला आणि पहिल्याच दिवशी त्यानं दिवस मावळेपर्यंत एकवीस धोंडे उपटले. मोजून. घरी येऊन त्यानं बायकोला आकडा सांगितला आणि जोहराबीनं त्याच्या तळहातांना तेल लावलं.

माळ बापजाद्यांचा. जुन्नर संपलं की डिंगोऱ्याच्या रस्त्याला डाव्या हाताला लागायचा. बाभळी, बोराट्या, हरळी आणि दगड. गुरंसुद्धा तिथं नाइलाजानं चरायची. कागदाचा धंदा चालत होता तोवर वलीला त्या माळाची आठवण फक्त सारा भरताना व्हायची. पण गिरणीचा कागद आला आणि हातकागदाची सद्दी संपली. आधी शाळेच्या वह्या गेल्या, मग कचेऱ्यांची दप्तरं गेली. शेवटी जुन्या वळणाचे चार व्यापारी उरले, ते दिवाळीच्या वह्यांपुरते यायचे आणि भाव पाडून मागायचे. चौपन्न सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला वलीनं ठरवलं, माळाचे तुकडे करून घरं बांधणारांना विकायचे. त्यातून दोन्ही बहिणींना त्यांचा वाटा द्यायचा, दस्तगीरला, म्हणजे पोराला, एखादं दुकान घालून द्यायचं आणि उरलेल्या पैशांत आपण नवराबायकोनं हजला जाऊन यायचं. साठी उलटली होती. जोहराबी तर लग्न होऊन आली तेव्हापासून मक्केचं नाव काढत होती, आणि वली दरवेळी पुढच्या वर्षाचा वायदा करत होता.

आता विकायचीच जमीन, तर आहे तशी विकून मोकळं व्हावं. पण कागद्यांच्या घराचा एक नियम होता आणि त्या नियमानंच पुढं घात केला. घोटल्याशिवाय कागद द्यायचा नाही. ताग कुजवायचा, कुटायचा, साच्यावर धरायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची, इथवर कोणीही करतं. मग तो फळीवर घालून गुळगुळीत गारगोटीनं घोटायचा, दोन्ही अंगांनी, खांदा भरून येईपर्यंत. न घोटलेल्या कागदावर शाई फुटते. ते गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळतं, दुकानात कळत नाही, म्हणूनच तसा कागद द्यायचा नाही. वलीच्या बापानं तरुणपणी एकदा घाईघाईत न घोटलेला दस्ता विकला होता, तेव्हा वलीच्या आज्यानं त्याला भर बाजारात ओल्या दोरानं बडवला होता. ही हकीकत त्या घरात दर ईदेला निघायची.

तर वलीनं माळ घोटायला घेतला. दुसरा शब्दच नाही त्याला.

सावळेराम डिंगोऱ्याचा, वर्षानुवर्षं वलीला ताग घालणारा शेतकरी. तो बैलजोडी घेऊन मदतीला आला आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिला.

"वलीभाई, विकायच्या घराला कुनी सारवत बसतं का? ज्याला घ्यायचंय त्यो काढंल की धोंडं."

"त्यो काढंल," वली म्हणाला, "पर मला शिव्या घालत काढंल."

चार महिने घर माळावर राबलं. वली पहारीनं धोंडा हलवायचा, दस्तगीर खाली लाकडाचा ओंडका सरकवायचा आणि दोघं मिळून तो बांधाला नेऊन लावायचे. हरळीचं काम जोहराबीकडं. हरळी म्हणजे वरून दोन बोटं आणि खालून दोन हात. एक मूळ राहिलं की पावसाळ्यात पुन्हा हजर. ती चादर डोक्यावरून घट्ट ओढून उकिडवी बसायची आणि मुळं उपसत पुढं सरकायची. कागद्याची बायको रोजंदारीच्या बाईसारखी रस्त्याकडेला घमेली वाहते, असं मोहल्ल्यात बोललं गेलं. तिच्या कानावर आलं. तिनं चादर आणखी पुढं ओढली आणि काम केलं. महिन्याभरात तिची नखं मुळाशी काळी पडली आणि गुडघे असे धरले की नमाजात बसलेली ती भिंतीला हात लावल्याशिवाय उठेना.

वैशाखात एक कातळ घसरला आणि दस्तगीरच्या डाव्या हाताची दोन बोटं खाली सापडली. एक वाचलं, करंगळीचं पेर गेलं. सातव्या दिवशी तो हाताला फडकं बांधून परत माळावर आला. मधे जुना आड होता, गाळानं भरलेला. तोही उपसला, घेणारांना पाण्याला कुठं जायला लागू नये म्हणून. चौदा तुकडे पाडले, मधून बैलगाडी जाईल एवढी वाट सोडली. तेरा तुकडे तळहातासारखे झाले. चौदावा ओढ्याच्या अंगाचा, काळ्या कातळाचा. त्याला हात घालायच्या आत पाऊस आला, म्हणून तो राहिला.

दिवाळीनंतर विक्री निघाली. शिंपी आला, दवाखान्यातला कंपाउंडर आला, शाळेतले दोन मास्तर आले. वली प्रत्येकाला वहाणा काढायला लावायचा आणि तुकड्यावरून अनवाणी चालवायचा. काटा टोचला तर किमतीत शंभर कमी, असा त्याचा बोल होता. लोक हसत हसत चालले. एकालाही काटा टोचला नाही आणि एकाचेही शंभर कमी झाले नाहीत. फाल्गुनापर्यंत तेराही तुकडे गेले. खर्च वजा जाता अकरा हजार हातात आले. एवढे पैसे त्या घरानं कधी पाहिले नव्हते. वलीनं ते पाहण्यात वेळ घालवला नाही. बहिणींचे वाटे त्यानं स्वतः नेऊन पोचवले, थोरली जन्नतबी मंचरला होती, धाकटी पुण्याला. दस्तगीरला पेठेत छोटं दुकान घेऊन दिलं. आणि अठ्ठावीसशे रुपये, दोघांच्या आगबोटीचे आणि तिकडच्या खर्चाचे, जोहराबीच्या ट्रंकेत ठेवले. वरती तिनं हजला नेसायचं पांढरं कापड घडी करून ठेवलं.

वर्षानं इन्कमटॅक्सची नोटीस आली. वलीनं आधी कागद बोटांत चोळून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि मग तो चांगदेव वकिलांकडं नेला.

वकील सज्जन होते. त्यांनी सरळ करून सांगितलं. माणसानं आपली मालमत्ता विकली आणि त्यात फायदा झाला, तर त्यावर आज कर नाही. मधे दोन वर्षं होता, तो सरकारनं काढून टाकला. पण तोच फायदा जमिनीचा धंदा करून काढला असेल, तर ते धंद्याचं उत्पन्न, त्यावर कर. तेव्हा सगळं एवढ्यावर अडलेलं होतं, की वलीनं जमीन विकली, का जमिनीचा धंदा केला.

"धंदा?" वली म्हणाला. "माझा धंदा कागदाचा. अख्ख्या जुन्नरला ठावं हाये."

"हेच सांगायचं. बापजाद्यांची जमीन, कसायला जमेना, एकरकमी घेणारा मिळेना म्हणून तुकडे केले. एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं."

एवढं पाठ करून वली पुण्याला गेला. सोबत दस्तगीर आणि वकील. एस.टी.त तो ओठांतल्या ओठांत तेच घोकत होता.

साहेब तरुण होता, चष्मेवाला, बोलायला मऊ. त्यानं वलीला खुर्ची दिली. आजवर कुठल्या कचेरीत वलीला खुर्ची मिळाली नव्हती, तो काठावर टेकला. पाठ केलेलं सगळं त्यानं सांगितलं, एक शब्द इकडंतिकडं नाही. वकिलांनी हायसं होऊन पाय लांब केले. साहेबानं कागद उलटले. धोंडे काढल्याचं, आड उपसल्याचं, वाट सोडल्याचं कुठून तरी त्याच्याकडं आलेलं होतं. विकायचीच होती तर एवढं सगळं कशाला केलंत, असं त्यानं विचारलं. वकील बोलायला लागले, तर साहेब म्हणाला, त्यांना सांगू द्या.

इथं वलीचं चुकलं. चुकलं म्हणजे काय, त्याला बरं वाटलं. चार महिने घर मातीत घातलं, पोराचं बोट गेलं, आणि ते कसं केलं हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. आता एक शिकलेला माणूस लेखणी हातात धरून विचारत होता. वलीनं तळहात पुढं केले. धोंड्यांचं सांगितलं, हरळीचं सांगितलं, अनवाणी चालवल्याचं सांगितलं. मग कागदावर आला. ताग, साचा, खळ, गारगोटी. बापाला बसलेला मारसुद्धा सांगितला. वकील खोकले. एकदा, दोनदा. वलीला वाटलं, पुण्याच्या हवेनं खोकतायत.

"साहेब, कागद असूंद्या न्हाईतर जमीन, आमी घोटल्याबिगर द्येत न्हाई."

"म्हणजे कागद जसा तयार करून विकता, तशीच जमीनही तयार करून विकलीत?"

"आगदी तशीच."

साहेबानं ते लिहून घेतलं. सरकारी कागदावर शाई फुटत होती, अक्षरांना मिशा येत होत्या. वलीला त्याची कीव आली. चांगला कागद थोडा पाठवून देतो म्हणाला. साहेब हसला आणि नको म्हणाला, घेता येत नाही.

वली बाहेर आला तो उमेदीत. साहेब भला माणूस आहे, शब्दन् शब्द उतरवून घेतला, असं तो सारखं म्हणत होता. स्टँडवर तो पाणी प्यायला गेला तेवढ्यात वकिलांनी दस्तगीरला बाजूला घेतलं.

"वडिलांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं रे बाबा. आता कर बसतोय."

 गाडीत बाप खिडकीशी बसला, पोर त्याच्या शेजारी बसलं आणि नारायणगावपर्यंत बाप साहेबाचं कौतुक करत राहिला. घरी पोचल्यावर बापानं आईला सांगितलं, काम फत्ते. तेव्हाही दस्तगीरनं वकिलांचं म्हणणं सांगितलं नाही. कसं बोलायचं, हे त्याला सुचलं नाही, आणि एक दिवस गेल्यावर बोलणं आणखी अवघड झालं.

हजला जाणारानं निघण्याआधी दोन गोष्टी करायच्या असतात. कोणाचं देणं ठेवायचं नाही, आणि ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्या दारी जाऊन माफी मागायची. आगबोट जूनच्या पहिल्या आठवड्यात होती. रमजान संपला, ईद झाली आणि जोहराबी माफी मागायला बाहेर पडली. रोज दोन गल्ल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. उधार नेलेल्या वाटीभर डाळीचीही तिनं माफी मागितली. शेवटी ती सायराबानूच्या दारात गेली. नळावरच्या पाळीवरून दोघींचा अकरा वर्षं अबोला होता. जोहराबीनं हात जोडले. सायराबानू रडली, गळ्यात पडली आणि म्हणाली, माझ्यासाठी मक्केहून झमझमचं पाणी आण. दस्तगीर दुकानाच्या फळीवर बसून आईला जाता-येता बघत होता.

ईदेनंतर आठव्या दिवशी हुकूम आला. वकिलांनी वाचून अर्थ सांगितला. जो माणूस वस्तू आहे तशी विकतो, तो मालमत्ता विकतो. जो ती बाजारासाठी तयार करून विकतो, तो धंदा करतो. सदर इसमानं आपण जमीन कागदाप्रमाणेच तयार करून विकल्याचं स्वतः कबूल केलं आहे. कर एक हजार सोळा रुपये.

वलीनं हुकमाचा कागद पुढ्यात ओढला.

"म्हंजी धोंडं तसंच ठिवलं असतं तर?"

"तर एक पैसा लागला नसता."

"काटं तसंच ठिवलं असतं तर."

"तरी नाही. वलीभाई, अपील करू. माझ्या मते हे धंद्यात बसत नाही. बापजाद्यांची जमीन एकदा विकली म्हणजे कोणी व्यापारी होत नाही. तोवर कर हप्त्यांनी भरू, मी अर्ज देतो. तुम्ही हजला जाऊन या."

"देनं डोक्यावर ठिवून हजला जाता येत न्हाई," वली म्हणाला.

घरी दस्तगीरनं तोंड उघडलं. वकील स्टँडवर काय म्हणाले होते ते सांगितलं. वलीला आपल्या बोलण्याचं जितकं लागलं नव्हतं, तितकं हे लागलं.

"तुला ठावं व्हतं? आन् तू आईला दारोदार हात जोडत फिरू दिलंस?"

दस्तगीर अर्धं बोट दुसऱ्या हातात धरून उभा राहिला. जोहराबी दोघांच्या मधे आली नाही. ती चुलीपाशी बसून होती, तिनं फक्त भाकरी उलटली.

वली मंचरला जन्नतबीकडं गेला. जमीन तिघांची होती, पण उताऱ्यावर नाव एकट्या वलीचं, म्हणून कर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. आपल्या वाट्यापुरता भार तिनं उचलावा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. जन्नतबीनं भावाला कोंबडी करून वाढली. जेवण झाल्यावर म्हणाली, पैसे घराच्या पत्र्यांत गेले, आता पत्रे काढून देऊ का. आणि साहेबापुढं बढाया तू मारल्यास, मी नव्हते तिथं. तिचंही खोटं नव्हतं. वली जेवलेल्या तोंडानं परत आला. पुण्याच्या बहिणीकडं तो गेलाच नाही.

त्यानं ट्रंक उघडून हजार सोळा काढले आणि खजिन्यात भरले. उरले सतराशे चौऱ्याऐंशी. एकाचं जाणं त्यात आरामात होत होतं. तुम्ही जाऊन या, असं जोहराबी एकदाच म्हणाली. वली म्हणाला, घमेली काय मी एकट्यानं वाहिली?

नळावर बायका विचारू लागल्या, कधी निघणार. माफी मागून बसलेली बाई रोज घागर घेऊन हजर, म्हणजे जरा अवघडच. पाचव्या-सहाव्या दिवशी सायराबानूनं आपली घागर पुढं सरकवली आणि जोहराबीची पाळी घेतली. जोहराबीला भांडायचीही सोय राहिली नव्हती. ती पाळी संपेपर्यंत उन्हात उभी राहिली.

आता राहिला होता चौदावा तुकडा. बोटीला सतरा दिवस होते आणि कमी पडत होते हजार. साफ केलेल्या तुकड्याला तेवढे सहज येत होते. दस्तगीरनंच विषय काढला.

"अब्बा, आपन तिघं लागलो तर धा दिवसांत काढू. सावळेरामकाका बैलं द्यायला तयार हाये."

वलीनं कोपऱ्यातली पहार उचलली. पण आता तो शहाणा झाला होता, आधी वकिलांना विचारायला गेला. वकिलांनी कपाळाला हात लावला. या तुकड्याला पहार लागली, की अपिलात सांगायला काही उरत नाही. हा बघा अजून तेच करतोय म्हणतील, आणि याच्यावरही कर बसेल. विकायचा तर आहे तसा विका. धोंड्यासकट, काट्यासकट. एक दगड हलवू नका.

गिऱ्हाईक मिळालं ते कुशाबा अडत्याचं. तो बूट घालून आला. वलीनं त्याला वहाणा काढायला सांगितलं नाही. कुशाबानं बुटानं दोन धोंडे ढकलून पाहिले, बोराटीत अडकलेलं धोतर सोडवलं आणि साडेतीनशे म्हणाला. साफ असता तर हजार दिले असते, असंही म्हणाला. वली मागं हात बांधून उभा होता. बांधलेले बरे, नाहीतर ते धोंड्याला गेले असते.

"वलीभाई, वाईट वाटून घेऊ नगा. मला सुरुंग लावावं लागत्याल. मंग तीन तुकडं पाडून इकीन."

"मंग तुला कर लागंल."

"लागूंद्या की. माझा धंदाच हाये त्यो. कर धरूनच मी भाव सांगतो."

खरेदीखत झालं. साडेतीनशे रुपये जोहराबीच्या हातात आले. तिनं आकडा ऐकला, सहाशे सहासष्ट कमी पडतात हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. तिनं ट्रंकेतलं पांढरं कापड काढलं, झटकलं, पुन्हा घडी घातली आणि यावेळी ते तळाशी ठेवलं. दोघांच्या कफनाला होईल, म्हणाली.  या खेपेला वलीनं पुढच्या वर्षाचा वायदा केला नाही.

बोट सुटायच्या दिवशी सकाळी तो माळाकडं गेला. कुशाबाला ताबा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. तेरा तुकड्यांवर कुठं पाया खणलेला, कुठं भिंती उठलेल्या. शिंप्याच्या पोरी आडाचं पाणी शेंदत होत्या. त्यांच्या पायांत काही नव्हतं आणि त्या बेधडक पळत होत्या. वली त्यांच्याकडं बघत उभा राहिला, मग चौदाव्या तुकड्याकडं वळला.

कडेलाच एक धोंडा होता, नारळाएवढा, निम्मा वर आलेला. सवयीनं तो वाकला. धोंडा दोन हिसक्यांत सुटून हातात आला, खालची माती ओलसर लागली. बांधाकडं दोन पावलं गेल्यावर त्याला वकील आठवले. अपील अजून लागायचं होतं.

त्यानं रस्त्याकडं पाहिलं. शिंप्याच्या पोरींकडं पाहिलं. कोणाचं लक्ष नव्हतं. तो परत फिरला, खाली बसला आणि धोंडा होता त्याच खळग्यात, होता तसाच बसवून त्यानं भोवतालची माती तळहातानं दाबून सारखी केली.